टाके एकाचे, गाठ दुसऱ्याशी

गर्भपिशवीच्या आणि ओटीपोटाच्या ऑपरेशनांबद्दल आलेल्या पत्रांतले बरेचसे प्रश्न एकाच गोष्टीभोवती फिरत होते: ऑपरेशननंतर पोटात आत काहीतरी ‘चिकटतं’, ते काय असतं आणि त्याबद्दल आधी कोणी बोलत का नाही? म्हणून या वेळी ते सगळे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : माझ्या मोठ्या बहिणीची गर्भपिशवी सात वर्षांपूर्वी काढली. ऑपरेशन चांगलं झालं, टाके भरले, ती कामाला लागली. यंदा एके दिवशी अचानक पोट फुगलं, कळा येऊ लागल्या, हिरव्या उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दवाखान्यातले सर्जन म्हणाले, ‘जुन्या ऑपरेशनमुळे आतडी चिकटली आहेत.’ पिशवी काढताना हा शब्दही कानावर पडला नव्हता. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना हे माहीत नसतं, की माहीत असून ते सांगत नाहीत? (एक वाचक, सांगली)

उत्तर : माहीत असतं. वैद्यकीय अभ्यासक्रमात ते शिकवतात, आणि दुसऱ्यांदा पोट उघडणाऱ्या प्रत्येक सर्जनने ते डोळ्यांनी पाहिलेलं असतं. दवाखान्यात त्याला ॲडहिजन्स म्हणतात. ब्रिटनमधल्या मेन्झीस आणि एलिस या सर्जननी १९९० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. आधी पोटाचं ऑपरेशन झालेल्या रुग्णांचं पोट पुन्हा उघडलं, तेव्हा शंभरातल्या ९३ जणांत आत काही ना काही चिकटलेलं सापडलं. ज्यांचं आधी ऑपरेशनच झालं नव्हतं त्यांच्यात हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास होतं.

घोळ इथूनच सुरू होतो. जवळजवळ सगळ्यांच्या पोटात होणारी ही गोष्ट बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास देत नाही. त्यामुळे ‘बाहेर व्रण राहतो, तसा आतही राहतो’ एवढंच तिचं स्थान सर्जनच्या मनात उरतं. ज्या थोड्यांना त्रास होतो, त्यांना तो कधी होईल याला मुदत नसते. महिन्याने होईल, नाहीतर वीस वर्षांनी. आणि तो झाला की बाई पिशवी काढलेल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जात नाही. पोट फुगलं तर ती जनरल सर्जनकडे जाते, दिवस राहत नसतील तर वंध्यत्वाच्या क्लिनिकमध्ये, नुसतंच दुखत असेल तर फॅमिली डॉक्टरांकडे. पहिल्या दवाखान्यात तिची फाइल ‘बरी होऊन घरी गेली’ अशी बंद झालेली असते. आपल्या ऑपरेशनचं पुढे काय झालं हे त्या डॉक्टरांना कळायचा मार्गच नसतो.

हा तुटलेला धागा जोडायला रुग्णालयांच्या नोंदी एकमेकींशी जोडलेल्या असाव्या लागतात. स्कॉटलंडच्या सरकारी आरोग्यसेवेत त्या तशा आहेत. तिथे १९८६ साली पोट किंवा ओटीपोट उघडून ऑपरेशन झालेल्या जवळजवळ तीस हजार रुग्णांचा पुढच्या दहा वर्षांचा माग काढला गेला आणि १९९९ मध्ये तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यातला दर तिसरा रुग्ण सरासरी दोनदा पुन्हा दाखल झाला होता, आणि प्रत्येक वेळचं कारण असं होतं की त्यात चिकटण्याचा हात होता किंवा असू शकत होता. या आकड्याने घाबरून जाऊ नये. निव्वळ चिकटण्यामुळेच दाखल व्हावं लागलं असं ठामपणे म्हणता येईल, असे प्रसंग त्या सगळ्यांत शंभराला सहाच्या आतच होते. पुढच्या वर्षी फक्त स्त्रीरोगाच्या ऑपरेशनांचा हिशेब वेगळा मांडला, तेव्हाही ‘तीनात एक’ हेच प्रमाण निघालं. त्यात अंडाशयावरची ऑपरेशनं सर्वांत पुढे होती. सर्जनमंडळींना खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. हे पुन्हा दाखल होणं पहिल्या वर्षात आटोपलेलं नव्हतं. दहाही वर्षं ते चालूच होतं.

हे छापून आल्यावर तरी सगळ्यांच्या अंगवळणी पडलं का? नेदरलँड्समध्ये सर्जनना प्रश्नावली देऊन त्यांचं या विषयाचं ज्ञान तपासलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत सरासरी गुण शंभरात चाळीसही भरले नाहीत. चिकटणं किती जणांत होतं आणि त्याचे परिणाम किती, या दोन्हींचा अंदाज उत्तर देणाऱ्यांनी कमीच धरला होता. म्हणजे सर्जनना हे ठाऊक असतं, पण त्याला द्यावं तेवढं वजन दिलं जात नाही.

आता ‘सांगत का नाहीत’ याबद्दल. गर्भपिशवीच्याच एका प्रकरणात आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली संमतीविषयी महत्त्वाचा निकाल दिला. उपचाराचं स्वरूप, त्याचा हेतू, फायदे, पर्याय आणि ठळक धोके रुग्णाला पुरेसे सांगितले पाहिजेत, असं त्यात म्हटलं आहे. मात्र दूरचे, केवळ तात्त्विक धोके सांगून रुग्णाला घाबरवायची गरज नाही, असंही त्याच निकालात आहे. चिकटणं यातल्या कुठल्या खणात टाकायचं हे मग डॉक्टरच ठरवतात. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्कॉटलंडच्याच एका बाळंतपणाच्या खटल्यात वेगळी कसोटी लावली: त्या जागी असलेल्या समंजस रुग्णाला जो धोका महत्त्वाचा वाटेल, तो सांगायलाच हवा. युरोपातल्या स्त्रीरोगशल्यतज्ज्ञांच्या एका गटाने तर २००७ सालीच सुचवलं होतं की चिकटण्याचा विषय ऑपरेशनपूर्वीच्या बोलण्यात आला पाहिजे.

तुमच्या बहिणीची आतडी चिकटली, एवढ्यावरून पहिल्या डॉक्टरांचा हात चुकला असं ठरत नाही. सर्वांत निष्णात हातांनी केलेल्या ऑपरेशननंतरही हे होतं. मात्र असं होऊ शकतं, आणि झालं तर कुठली लक्षणं ओळखायची, हे दोन वाक्यांत सांगायला हवं होतं, ही तुमची तक्रार रास्त आहे.

प्रश्न : पिशवीचं ऑपरेशन आणि चिकटतात आतडी, असं का? नेमकं चिकटतं तरी कशाने? (एक वाचक, अकोला)

उत्तर : पोटाच्या पोकळीला आणि तिच्यातल्या सगळ्या अवयवांना एक अतिशय पातळ, ओलसर अस्तर असतं, ते म्हणजे पेरिटोनियम. त्याचा पृष्ठभाग पेशींच्या एकाच थराचा असतो. त्याच्यामुळे आतडी, पिशवी, अंडाशय, मूत्राशय एकमेकांवरून सहज घसरतात. कापणं, चिमट्यात धरणं, करंटने जाळणं, कोरड्या कापडाने पुसणं, रक्त साचणं, जंतुसंसर्ग होणं, यांतल्या कशानेही तो थर खरवडला की त्या जागी काही तासांतच फायब्रिन जमू लागतं. रक्त गोठताना जे तंतू बनतात तेच हे, आणि शेजारच्या दोन पृष्ठभागांमध्ये ते खळीसारखं काम करतं.

एरवी ही खळ शरीर स्वतःच विरघळवतं. अस्तराच्या पेशींतच त्यासाठी लागणारी द्रव्यं असतात आणि दोन-तीन दिवसांत काम उरकतं. अस्तर स्वतः आठवड्याभरात नवं होतं. त्याची जखम कातडीसारखी फक्त कडांकडून भरत येत नाही, सगळ्या पृष्ठभागावर एकाच वेळी भरते. म्हणून मोठ्या आणि छोट्या जखमेला जवळपास सारखाच वेळ लागतो. पण दुखावलेल्या भागाला रक्ताचा पुरवठा कमी पडला, तर विरघळवणारी द्रव्यंही कमी पडतात. मग त्या तंतूंच्या जाळ्यात पेशी शिरतात, कोलॅजन तयार होतं, रक्तवाहिन्या वाढतात. पुढे तपासलेल्या अशा पट्ट्यांमध्ये मज्जातंतूही सापडले आहेत. एकदा हे झालं की ती खळ राहत नाही, जिवंत पट्टा बनतो.

आतडी सापडतात ती शेजारामुळे. ओटीपोटात पिशवीच्या मागेपुढे लहान आतड्याची वेटोळी सतत हलत असतात. पिशवी काढल्यावर मागे टाक्यांची ताजी ओळ उरते आणि तिच्यावर ती टेकतात. कधी पट्टा दोरासारखा आडवा राहतो आणि आतड्याचं वेटोळं त्याखाली अडकून पिळवटतं. नळ्या आणि अंडाशय यांच्यामध्ये पडदे झाले तर बीज नळीत जाऊ शकत नाही आणि दिवस राहायला अडचण येते. ऑपरेशन झालं नसतानाही असं चिकटणं होऊ शकतं. एंडोमेट्रिओसिस (पिशवीच्या आतल्या अस्तरासारखा थर पिशवीबाहेर वाढणं), ओटीपोटातला जंतुसंसर्ग आणि आपल्याकडे अजूनही दिसणारा जननेंद्रियांचा क्षयरोग ही त्याची मोठी कारणं आहेत.

प्रश्न : माझं अंडाशयाच्या गाठीचं ऑपरेशन झालंय. सासूबाई भेंडी आणि अळू खाऊ देत नाहीत, चिकट खाल्लं की आतडी चिकटतात म्हणतात. पोटही घट्ट बांधून ठेवायला सांगतात. यात काही तथ्य? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : भेंडी खुशाल खा. आपण खातो ते आतड्याच्या आतून जातं आणि चिकटणं होतं बाहेरच्या बाजूने. या दोहोंची कधी भेटच होत नाही. पोट बांधल्याने उठता-बसताना टाक्यांना आधार वाटतो, तेवढ्यापुरतं ते ठीक. त्याने चिकटणं कमी होतं किंवा वाढतं असं काही नाही. डॉक्टर लवकर चालायला लावतात ते पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत आणि पोट लवकर मोकळं व्हावं म्हणून. ते जरूर करा. पण ‘ती चालली नाही म्हणून चिकटलं’ असा दोष कोणी तुमच्यावर ठेवला, तर तो मनावर घेऊ नका.

प्रश्न : दुर्बिणीतून ऑपरेशन केलं तर चिकटत नाही, असं सगळे म्हणतात. खरं का? आणि सर्जन आणखी काय करू शकतात? (एक वाचक, पुणे)

उत्तर : कमी चिकटतं, पण अजिबात नाही असं नव्हे. स्कॉटलंडमध्येच २००९ ते २०११ या काळात ऑपरेशन झालेल्या ७२ हजारांहून अधिक रुग्णांचा पुन्हा असाच माग काढला गेला आणि तो २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. निव्वळ चिकटण्यामुळे पुन्हा दाखल व्हावं लागलेल्यांचं प्रमाण पोट उघडून केलेल्या ऑपरेशनांनंतर शंभरात चारांच्या थोडं वर होतं, दुर्बिणीतून केलेल्यांनंतर शंभरात दोनाच्या आत. दोन्ही गटांतले रुग्ण आणि त्यांची ऑपरेशनं सारखी नव्हती. तो फरक हिशेबात धरल्यावरही दुर्बिणीची बाजू वरचढच राहिली. मात्र मोठा फायब्रॉइड काढायचा असो वा एंडोमेट्रिओसिस खरवडायचं असो, आतली जखम तेवढीच मोठी असते. बाहेर छिद्रं लहान आहेत म्हणून आतली जखम लहान होत नाही.

बाकीचं बरंचसं हाताच्या सवयींवर आहे. अवयव हळुवार धरायचे, ओले ठेवायचे, रक्तस्राव नेमका तिथेच थांबवायचा, शेवटी साचलेलं रक्त धुऊन काढायचं, गरजेपेक्षा जास्त टाके घालायचे नाहीत. नळ्यांवर सूक्ष्मशस्त्रक्रिया करणाऱ्यांनी १९७०च्या दशकात ही शिस्त घालून दिली. जुन्या पिढीत अस्तर ताणून शिवून टाकणं म्हणजे नीटनेटकं काम समजलं जाई. लंडनच्या हॅरोल्ड एलिस यांनी दाखवून दिलं की ताणून शिवलेल्या अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो आणि चिकटणं उलट वाढतं. हातमोज्यांवरची पावडर हाही एक जुना गुन्हेगार. तिचे कण पोटात राहिले की त्यांच्याभोवती सूज आणि पट्टे तयार होतात. अमेरिकेने असे पावडर लावलेले मोजे जानेवारी २०१७ पासून बंद केले.

दोन पृष्ठभाग काही दिवस वेगळे ठेवण्यासाठी विरघळणारे पडदे, जेल आणि द्रावणंही मिळतात. त्यांनी चिकटणं कमी होतं असे पुरावे आहेत. पण त्यामुळे दुखणं कमी होतं किंवा जास्त बायकांना मूल होतं, याचा भक्कम पुरावा मात्र नाही. सेल्युलोजचा एक पडदा तर रक्त साचलेल्या जागी कामच करत नाही. त्यामुळे महागडा पडदा हा रक्तस्राव नीट थांबवण्याला पर्याय ठरत नाही.

यांपेक्षा खात्रीचा उपाय एकच: गरज नसलेलं ऑपरेशन न करणं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची पाहणी २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीने केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती, त्यांतल्या कित्येकींची ऐन तरुणपणी. त्या वेळी चर्चा झाली ती संप्रेरकांची, हाडांची आणि बुडणाऱ्या मजुरीची, आणि ती व्हायलाच हवी होती. पण तिशीत पोट उघडलेल्या बाईपुढे चिकटण्याचा धोका घेऊन जगायची आणखी चाळीस वर्षं असतात, हे त्या हिशेबात कोणी धरलं नाही.

प्रश्न : माझी दोन सिझर झाली आहेत. तिसऱ्या वेळी डॉक्टरांनी ‘आत खूप चिकटलेलं असू शकतं’ म्हटलं. सिझरनेही असं होतं? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : होतं, आणि प्रत्येक सिझरगणिक वाढत जातं. मॉन्ट्रियलमधल्या २००९ च्या एका पाहणीत दुसऱ्या सिझरच्या वेळी शंभरात २४ जणींच्या आणि तिसऱ्या वेळी ४३ जणींच्या पोटात चिकटलेलं आढळलं. बाळ बाहेर काढायला लागणारा वेळही त्याबरोबर वाढला होता. मूत्राशय जुन्या व्रणापाशी पिशवीला चिकटलेलं असेल, तर त्याला इजा व्हायचा धोका असतो. तुमच्या डॉक्टरांनी हे आधी सांगितलं, ही चांगली गोष्ट आहे.

सिझरमध्ये अस्तर शिवावं की मोकळं सोडावं, यावर पुष्कळ वाद झाले. ‘कोरोनिस’ नावाच्या मोठ्या चाचणीत भारतातल्या रुग्णालयांसह सात देशांतल्या बायका होत्या. शिवलेल्या आणि न शिवलेल्या गटांत तिला फरक सापडला नाही, तीन वर्षांनी पुन्हा पाहिल्यावरही नाही. आपल्याकडे हा विषय वाढतच जाणार आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांतलं एक सिझरने झालेलं आढळलं, आणि तुमच्या गोव्यात शंभरात चाळीसच्या आसपास.

प्रश्न : ऑपरेशनला पाच वर्षं झाली, ओटीपोट सतत दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल येते. एक डॉक्टर म्हणतात, दुर्बिणीतून पाहू आणि चिकटलेलं सोडवू. करावं का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घाई करू नका. सोनोग्राफी नॉर्मल आली याचा अर्थ आत काही चिकटलेलं नाही असा होत नाही. हे पातळ पट्टे तिथे थेट दिसत नाहीत. अनुभवी तज्ज्ञ अवयव एकमेकांवरून सरकतात का हे पाहून अंदाज बांधू शकतात, एवढंच. खात्री होते ती दुर्बिणीनेच. पण चिकटलेलं सापडलं म्हणजे दुखण्याचं कारण तेच, असंही नाही. ज्यांना काहीच दुखत नाही अशांच्या पोटातही ते असतंच.

नेदरलँड्समध्ये जुनाट पोटदुखीच्या शंभर रुग्णांवर एक धीट चाचणी झाली. सगळ्यांच्या पोटात दुर्बीण घातली. निम्म्यांचे पट्टे सोडवले, निम्म्यांचे नुसते पाहून पोट बंद केलं. आपलं काय केलं हे रुग्णांना सांगितलेलं नव्हतं. २००३ साली निकाल आला: दोन्ही गटांना जवळपास सारखंच बरं वाटलं होतं. बारा वर्षांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही पट्टे सोडवलेल्यांची स्थिती काही सरस नव्हती. सोडवताना आतड्याला भोक पडायचा धोका असतो, आणि सोडवलेल्या जागी नवी जखम झाल्याने पुन्हा चिकटायची शक्यता असते. म्हणून आधी दुखण्याची बाकीची कारणं शोधा: एंडोमेट्रिओसिस, लघवीचे आणि आतड्याचे विकार, पोटाच्या स्नायूंचं आणि व्रणातल्या नसांचं दुखणं. आतडं अडतंय किंवा दिवस राहण्यात अडथळा आहे, अशी स्पष्ट कारणं असतील तर गोष्ट वेगळी.

प्रश्न : मग ऑपरेशनला जाणाऱ्या बाईने आणि तिच्या घरच्यांनी काय लक्षात ठेवावं? (एक वाचक, इंदूर)

उत्तर : आधी तीन गोष्टी विचारा. ऑपरेशन टाळून औषधांवर भागेल का? दुर्बिणीतून होईल का? चिकटणं कमी व्हावं म्हणून तुम्ही काय करता? तिसऱ्या प्रश्नावर बहुतेक डॉक्टर मनापासून बोलतात, कारण तो त्यांच्या कसबाचा विषय असतो. पुढे मूल हवं असेल तर तेही आधीच सांगा. अंडाशय आणि नळ्या हाताळताना मग जास्त जपता येतं.

नंतर कधीही, कितीही वर्षांनी, पोटात कळा येऊन ते फुगू लागलं, उलट्या थांबेनात, वारा किंवा शौच सरणं बंद झालं, तर पित्त किंवा गॅस समजून घरी दिवस काढू नका. जुलाबाचं औषध किंवा एरंडेल मुळीच घेऊ नका. अशा वेळी बऱ्याच रुग्णांचं आतडं नाकातून नळी घालून, तोंडाने काही न देता, सलाइनवर ठेवल्याने ऑपरेशनशिवाय सुटतं. पण कळांच्या जागी सतत दुखत राहिलं, ताप आला, नाडी जलद झाली, तर आतड्याचा रक्तपुरवठा तुटत असू शकतो. तिथे तास मोजावे लागतात. तपासणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, ‘माझं अमुक साली पोटाचं ऑपरेशन झालंय.’ नसबंदी आणि सिझर यांना बायका ऑपरेशनमध्ये धरत नाहीत; तेही सांगा.

शेवटचं काम कागदाचं. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, पण आत काय दिसलं, काय चिकटलेलं होतं, कुठे काय कापलं, हे ‘ऑपरेशन नोट’मध्ये असतं. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात, आणि डॉक्टरांना ती जपून ठेवायची सक्ती आहे उपचार सुरू झाल्यापासून फक्त तीन वर्षं. चिकटण्याचा त्रास मात्र दहा वर्षांनीही उद्भवतो. स्कॉटलंडसारख्या जोडलेल्या नोंदी आपल्याकडे घरोघरी पोचेपर्यंत पहिल्या सर्जनला जे दिसलं ते दुसऱ्या सर्जनपर्यंत नेणारी एकच व्यक्ती आहे, ती बाई स्वतः. तेव्हा घरी जायच्या दिवशी बिलाबरोबर ऑपरेशन नोटची प्रतही मागून घ्या, मोबाइलमध्ये तिचा फोटो काढून ठेवा आणि तो घरातल्या आणखी एकाकडे पाठवा.